कचऱ्याचा ठेका रद्द करताना: नगरपरिषदेने बाहेरचा वकील कधी, कसा आणि कशासाठी नेमावा

ठेका रद्द करण्याचा ठराव सभागृहात बाकं वाजवून मंजूर होतो. वकील शोधायची धावपळ सुरू होते ती मात्र ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस आवक टपालात पडल्यावर. हे वरातीमागून घोडे झालं, आणि त्याची किंमत गावाच्या घरपट्टीतून जाते.

२०२५ च्या डिसेंबरमध्ये निवडणुका होऊन अनेक नगरपरिषदांत प्रशासक राजवटीनंतर पुन्हा नगरसेवक बसले. प्रशासकाच्या काळात दिलेले सफाईचे आणि घंटागाड्यांचे ठेके त्यांच्या पुढ्यात आले. प्रभागातले लोक रोज विचारतात, गाडी का येत नाही? अशा वेळी ठेका रद्द करण्याचा मोह साहजिक आहे, आणि कित्येकदा तो योग्यही असतो. पण ठेका मोडणं आणि मोडलेला ठेका न्यायालयात टिकवणं यांत मोठं अंतर आहे. हा लेख नगरसेवक, नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि कर भरणारे नागरिक यांच्यासाठी आहे. अशा खटल्याचा निकाल बहुतेक वेळा ठेका रद्द होण्याच्या आधीच्या वर्षभरात, स्वच्छता निरीक्षकाच्या टेबलावर लागून गेलेला असतो. म्हणून वकिलाला त्या टेबलापर्यंत न्यायचं, आणि तेही आदेश निघण्याआधी.

१. ठेका कोणत्या कलमाखाली संपवताय, हे आधी ठरवा

वकिलाचं पहिलं काम हेच. न्यायालयात उभं राहणं फार पुढची गोष्ट. करारनामा, निविदेच्या अटी, कार्यादेश आणि नंतर दिलेल्या मुदतवाढींची पत्रं एकत्र वाचून त्याने लेखी सल्ला द्यायचा: कोणत्या अटीखाली ठेका संपवता येतो आणि त्या वाटेने गेल्यास किती पैसे द्यावे लागतील.

वाटा साधारण तीन असतात. ठेकेदाराची कसूर, म्हणजे गाड्या कमी, वर्गीकरण नाही, कामगारांचे पगार थकलेले. दुसरी परिषदेची सोय, म्हणजे कसूर नसतानाही ठरलेल्या मुदतीची सूचना देऊन करार संपवणं. ही तरतूद करारात असेल तरच. तिसरी म्हणजे मुळात निविदा प्रक्रियाच सदोष असणं. तिन्हींचे पुरावे वेगळे आणि पैशाचे परिणामही वेगळे. रद्द करण्याच्या आदेशात तिन्हींची खिचडी केली की ठेकेदाराचा वकील खूश होतो. कसूर सिद्ध झाली नाही, तर बेकायदा करारभंगाची भरपाई भारतीय करार अधिनियमाच्या ७३ व्या कलमाखाली मागता येते, आणि उरलेल्या मुदतीतला बुडालेला नफा तिच्यात आलाच.

करार संपवण्याची किंमत अनेकदा सही करतानाच लिहून ठेवलेली असते. इंग्लंडमधल्या नॉरफोक काउंटी काउन्सिलने किंग्ज लिनजवळचा कचरा जाळण्याचा प्रकल्प २०१४ च्या एप्रिलमध्ये सोडून दिला. बांधकामाची परवानगी अडकली होती आणि स्थानिकांचा तीव्र विरोध होता, म्हणजे कारणं खरी होती. तरीही करारातली भरपाई आणि इतर खर्च मिळून काउन्सिलला ३ कोटी पौंडांच्या वर झळ बसली. आपल्याकडे मुंबईत देवनारच्या कचराभूमीचा ठेका २००९ साली २५ वर्षांसाठी दिला होता. २०१६ च्या जानेवारीअखेर तो संपवला आणि वाद लवादाकडे गेला. त्याच जानेवारीत देवनारच्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. कचऱ्याचा करार सहसा असा वाईट वेळीच मोडतो, त्यामुळे घाईत सही करण्याचा दबाव मोठा असतो.

आणि एक. सभागृहातली बहुमताची इच्छा हे कायदेशीर कारण होत नाही. सार्वजनिक संस्थेने मनमानीने रद्द केलेली निविदा सर्वोच्च न्यायालय खपवून घेत नाही. २०२४ साली कोलकात्याच्या एका प्रकरणात त्याने रद्द करण्याचा आदेशच मोडीत काढला. सत्तापालट झाला म्हणून जुना ठेकेदार नको, एवढंच फाइलवर दिसत असेल तर ती फाइल हरलेली समजा.

२. फाइल बांधा, वकिलाच्या दारात जाण्याआधी

रिकाम्या हाताने गेलात तर मोठ्यात मोठा वकीलही पहिल्या बैठकीत हेच सांगेल की कागद आणा. त्या बैठकीचे पैसे गेले. आधी हे गोळा करा: करारनामा सर्व परिशिष्टांसह, सुरक्षा ठेवीची पावती, बँक गॅरंटी, सगळी देयकं आणि त्यांच्या टिप्पण्या, कपातीचे आदेश, प्रत्येक नोटीस आणि तिची पोहोच, ठेकेदाराची उत्तरं, तक्रार नोंदवही, जीपीएसचा अहवाल, हजेरीपट, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पत्रव्यवहार, सभेची इतिवृत्तं.

या ढिगातला सर्वांत बोलका कागद म्हणजे वजनकाट्याची पावती. ती नीट बघा. तिच्यावर गाडीचा क्रमांक, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, तारीख आणि वेळ असते. समजा, एकाच गाडीच्या दोन भरल्या खेपा १२ मिनिटांच्या अंतराने नोंदल्या आहेत आणि त्या गाडीचा प्रभाग डेपोपासून ७ किलोमीटरवर आहे. हे होणं शक्य नाही. किंवा रिकाम्या गाडीचं वजन महिनाभर किलोचाही फरक न पडता सारखंच आहे. डिझेल कमी-जास्त होतं, चिखल चिकटतो, त्यामुळे आकडा थोडा हलायला हवा. तो हलत नसेल तर गाडी रिकामी होऊन काट्यावर परत आलीच नाही, आकडा हाताने भरला गेला. अशा पावत्यांचा तक्ता करा: तारीख, गाडी, वेळ, जीपीएसवर गाडी कुठे होती आणि त्या दिवसाचं किती टनांचं बिल निघालं. हा एक तक्ता भावनिक भाषणांच्या शंभर पानांपेक्षा जास्त चालतो.

पण त्याच पावतीवर खाली आपल्याच मुकादमाची सही असते. त्याच महिन्याचं बिल 'काम समाधानकारक' असा शेरा मारून विनाकपात मंजूर झालेलं असतं. उलटतपासणीत पहिला प्रश्न यावरच येणार. म्हणून आपल्या बाजूचे अडचणीचे कागद लपवू नका, वकिलाला ते सर्वांत आधी दाखवा. रद्द करण्याच्या तीन महिने आधी त्याच ठेकेदाराला मुदतवाढ दिली असेल, तर तेही. विरुद्ध बाजूकडे त्या प्रती आहेतच.

आजवर दंड लावला नसेल तर आजपासून करारातल्या दराने लावा आणि प्रत्येक कपातीमागे पंचनामा, फोटो आणि त्याच दिवसाची नोंद ठेवा. मागच्या तारखा टाकून नोटिसा मात्र तयार करू नका. जावक नोंदवही आणि टपालाची पोहोच पाहिली की ते उघडं पडतं, आणि मग खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

३. बाहेरचा वकील खरंच लागतो का?

नगरपरिषदेच्या पॅनेलवर वकील असतात. मालमत्ता कर, अतिक्रमणं, सेवाविषयक दावे ते रोज चालवतात. ठेक्याची रक्कम लहान असेल आणि वाद थकीत बिलापुरता असेल, तर पॅनेलचा वकील पुरतो. लवाद, उच्च न्यायालय, मोठा नुकसानभरपाईचा दावा किंवा बायोमायनिंगसारखा (साचलेल्या जुन्या कचऱ्याचे ढीग उपसून वेगळे करणं) तांत्रिक वाद असेल, तर त्या कामाचा अनुभव असलेला बाहेरचा माणूस घेणं शहाणपणाचं आहे. पॅनेलवरच्या वकिलानेच मूळ करारनामा तपासून दिला असेल आणि आता त्या कराराच्या मसुद्यावरच वाद असेल, तर त्याला बाजूला ठेवणं भाग आहे.

निवड करताना दराची निविदा काढून सर्वांत स्वस्त वकील घेऊ नका. तीन-चार वकिलांकडून अनुभव, फीची पद्धत आणि या कामाला प्रत्यक्ष कोण उभं राहणार याची लेखी माहिती मागवा, लहान समितीसमोर चर्चा करा आणि निवडीची कारणं टिप्पणीत लिहा. सरकारी वकिलांच्या नेमणुका पारदर्शक आणि गुणवत्तेवर असाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात बजावलं आहे. तोच धागा इथेही धरावा.

दोन गोष्टी लेखी घ्या. एक, या ठेकेदाराचं, त्याच्या भागीदारांचं किंवा समूहातल्या कंपन्यांचं काम त्या वकिलाने केलेलं नाही, असं पत्र. कचऱ्याच्या धंद्यात एकाच घरातल्या तीन-चार फर्म असतात, म्हणून नावांची यादी देऊनच विचारा. दोन, फी निकालावर अवलंबून नाही. 'वाचवलेल्या रकमेच्या इतके टक्के' असा सौदा बार काउन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला करताच येत नाही. कोणी तसा प्रस्ताव दिला, तर त्याला नेमू नका.

जागेचाही विचार करा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात. मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर आहे, विदर्भाला नागपूर. मुंबईच्या वकिलाचा प्रवास आणि मुक्काम दर तारखेला भरण्याआधी बेंचच्या गावात कोण आहे ते पाहा.

४. अधिकार कोणाचा, हे तपासून मगच वकीलपत्र द्या

महापालिकेत खटले चालवणं, कायदेशीर सल्ला घेणं आणि तडजोड करणं यांचे अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या ४८१ व्या कलमात आहेत. नगरपरिषदेत १९६५ चा अधिनियम, मुख्याधिकाऱ्यांच्या अधिकाराची आर्थिक मर्यादा आणि सभेचा ठराव हे तिन्ही बघावे लागतात. त्याच अधिनियमाच्या ३०८ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात, आणि ठेकेदार तिथे अर्ज करणारच. त्यामुळे ठराव ढिसाळ नको. 'वकील नेमण्यास मान्यता' एवढ्यावर भागवू नका. त्यात काम कोणतं, कोणत्या टप्प्यापर्यंत, खर्चाची कमाल मर्यादा किती, कोणत्या लेखाशीर्षातून आणि अहवाल कोणाला, हे लिहा.

५. नेमणुकीचं पत्र

इथे बहुतेक नगरपरिषदा गाफील राहतात. 'ज्येष्ठ विधिज्ञ नेमले' असं वर्तमानपत्रात येतं, आणि वर्षभरात फीची बिलं ठेकेदाराच्या दाव्याच्या बरोबरीने लेखापरीक्षणाच्या आक्षेपात येतात. मसुदा असा ठेवता येईल:

'आपली नेमणूक अमुक ठेका संपुष्टात आणण्याबाबतचा लेखी सल्ला, नोटिशीचा मसुदा आणि प्रथम न्यायालयातील अंतरिम अर्जाच्या निकालापर्यंतच्या कामासाठी आहे. पुढील टप्प्यासाठी स्वतंत्र मान्यता लागेल. फी टप्प्यानुसार राहील: लेखी सल्ला, मसुदा, प्रभावी सुनावणी. सुनावणी न होता पुढे गेलेल्या तारखेस फी देय नाही किंवा इतकी मर्यादित राहील. ज्येष्ठ विधिज्ञ घेण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्यांची लेखी संमती आवश्यक. प्रत्येक तारखेनंतर दोन दिवसांत लेखी अहवाल द्यावा. मूळ कागद परिषदेकडेच राहतील.'

तहकुबीच्या तारखेचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. 'प्रत्येक तारखेस' असं लिहिलं की काहीही न घडलेल्या दिवसाचंही बिल येतं.

परिषदेच्या बाजूनेही एक माणूस नेमून द्या, शक्यतो स्वच्छता विभाग ओळखणारा. मुख्याधिकारी बदलतात, आरोग्य विभागप्रमुख बदलतात. बदलीच्या वेळी खटल्याची यादी, पुढच्या तारखा आणि मुदती लेखी सोपवल्या नाहीत, तर महत्त्वाची तारीख चुकण्याची भीती खरी आहे.

६. नोटीस, सुनावणी, आदेश

क्रम सोडू नका. कारणे दाखवा नोटिशीत नेमके प्रसंग द्या: तारीख, प्रभाग, कराराची अट. करारात दुरुस्तीची मुदत दिली असेल तर ती पूर्ण होऊ द्या. उत्तर आलं की त्यातल्या प्रत्येक मुद्द्याला आदेशात उत्तर द्या. 'खुलासा समाधानकारक नाही' हे एकच वाक्य पुरत नाही.

काळ्या यादीत टाकायचं असेल तर नोटिशीत तसं स्पष्ट लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोरखा सिक्युरिटीच्या प्रकरणात हे ठरवून दिलं आहे. ठेका रद्द करणं आणि काळी यादी या दोन शिक्षा आहेत, त्यांची कारणमीमांसाही वेगळी हवी.

आदेश निघण्याआधी बँक गॅरंटीची मुदत तपासा. ती खरी आहे याची बँकेकडून थेट खात्री करा. मागणीचं पत्र गॅरंटीतल्या शब्दांतच लिहा. बिनशर्त गॅरंटी वटवण्याला न्यायालय सहसा रोखत नाही, पण ती मुदतीबाहेर गेली की कागदाचा तुकडा उरतो. संबंधित न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ सूचना, दाखल करा. ती ९० दिवस टिकते, म्हणून तारीख लिहून ठेवा. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असा मनाई हुकूम देण्यावर बंधन आहे आणि त्या यादीत घनकचरा व्यवस्थापन येतं. नव्या ठेक्याला स्थगिती मागितली गेली, तर आपल्या वकिलाने हा मुद्दा पहिल्याच तारखेला मांडायला हवा.

७. वाद कुठे चालेल आणि घड्याळ कुठे सुरू होईल

करारात लवादाची अट असेल आणि ठेकेदार तरीही दिवाणी न्यायालयात गेला, तर आपलं पहिलं निवेदन देण्याआधीच लवादाकडे पाठवण्याचा अर्ज करावा लागतो. उत्तर दिलं की संधी गेली. 'आयुक्त किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती लवाद राहील' अशी जुनी अट आज टिकत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एकतर्फी नेमणुकीविरुद्ध निकाल दिला आहे. लवादांची संख्या करारात नसेल तर कायद्याने एकच लवाद. तो आग्रहाने धरा, कारण लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात मंडळातल्या एकेका लवादाची फी ३० लाखांपर्यंत जाते. तिघांचं मंडळ बसलं तर हिशेब तुम्हीच करा.

लवादाचा निवाडा विरुद्ध गेला तर त्याला आव्हान देण्याची मुदत तीन महिने, आणि न्यायालयाला पटलं तर आणखी ३० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. निवाड्याची सही केलेली प्रत ज्या दिवशी मिळाली तो दिवस फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहा. नुसतं आव्हान दिल्याने वसुली थांबत नाही. स्थगिती मागावी लागते, आणि न्यायालय बहुधा रक्कम जमा करायला लावतं. अंदाजपत्रकात ती तरतूद असायला हवी.

लवादाची अट नसेल, तर ३ लाखांवरचा वाद व्यावसायिक न्यायालयात जातो. तिथे लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर १२० दिवसांत. नंतर हक्कच संपतो. सभा व्हायची आहे, ठराव व्हायचा आहे, ही सबब चालत नाही.

दुर्लक्षित राहणारा तिसरा दरवाजा म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योगांची सुविधा परिषद. ठेकेदाराकडे उद्यम नोंदणी (अशा लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर थकीत बिलांवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि त्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून निर्विवाद बिलं अडवून ठेवू नका. वादातली रक्कम वेगळी काढा, बाकीची चुकती करा.

८. कचरा तारखेची वाट पाहत नाही

रद्द करण्याच्या आदेशाच्या दुसऱ्या सकाळी गाड्या कोण चालवणार, हे आदेशाआधी ठरलेलं हवं. घनकचऱ्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक संस्थेची आहे; वाद चालू आहे हे कारण पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादापुढे चालत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याने महाराष्ट्रावर १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली, ती घनकचरा आणि सांडपाण्याच्या व्यवस्थापनातल्या त्रुटींसाठीच. तात्पुरती व्यवस्था अल्पमुदतीच्या निविदेने आणि वाजवी दराने करा. जुन्या ठेकेदाराच्या जोखमीवर जादा खर्च वसूल करायचा असेल, तर नुकसान कमी ठेवण्याचा प्रयत्न केला हे परिषदेला दाखवावं लागतं.

सफाई कामगारांना विसरू नका. ठेका संपला की पहिली झळ त्यांना बसते. थकलेले पगार आणि भविष्य निर्वाह निधी ठेकेदाराच्या देय रकमेतून आधी बाजूला काढा, कारण मूळ नियोक्ता म्हणून जबाबदारी शेवटी परिषदेवरच येते. मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, तो वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर. ज्यांच्या हजेरीपटावर आणि साक्षीवर तुमचा खटला उभा आहे, ती माणसं पगाराविना घरी बसवणं अन्यायाचं आहे आणि खटल्यालाही मारक आहे.

९. तडजोडीचा आकडा आधीच काढून ठेवा

वकिलाकडून तीन आकडे मागा: सगळं जिंकलो तर, सगळं हरलो तर, आणि त्याच्या मते होण्याची जास्त शक्यता असलेला. त्यात व्याज, लवादाची फी आणि वकिलाचा खर्च धरा. निर्विवाद बिलं आणि गॅरंटीचा काही भाग यांवर ठेकेदार बाहेर पडायला तयार असेल आणि तो आकडा तिसऱ्या आकड्याच्या आत असेल, तर तडजोड करायला लाजू नका. मात्र ती सक्षम समितीसमोर, कारणांसह आणि आकड्यांसह व्हावी. बंद खोलीतली तडजोड मलाही मान्य नाही.

१०. नागरिकांनी काय मागावं

वकिलाच्या सल्ल्याचा मजकूर खटला चालू असताना मिळेलच असं नाही. पण खर्च सार्वजनिक पैशाचा आहे. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर एवढं मागा: वकील नेमण्याच्या ठरावाची प्रत, नेमणुकीचं पत्र, आजवर दिलेली फी तारखेनुसार, त्या तारखांना न्यायालयात काय झालं त्याचे अहवाल, बँक गॅरंटीची मुदत आणि ती वटवली का, रद्द करण्यापूर्वीच्या १२ महिन्यांत केलेल्या दंडाच्या कपाती, आणि तात्पुरत्या ठेक्याचा प्रतिटन दर. न्यायालयाचे आदेश तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतात. फीच्या बिलातल्या तारखा आणि त्या दिवशीचे आदेश शेजारी ठेवून पाहा, आणि जुळत नसतील तर तो तक्ता स्थानिक निधी लेखापरीक्षकांकडे लेखी द्या.